पत्त्यातले '#!' आणि रिकामे पान

वेबपान दोन ठिकाणी तयार होऊ शकते: सर्व्हरवर किंवा वाचकाच्या ब्राउझरमध्ये. सुरुवातीला सर्व्हरच मजकुराने भरलेले एचटीएमएल पाठवी. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट वेगवान झाली तशी दुसरी पद्धत रूढ झाली. तिच्यात सर्व्हर जवळजवळ कोरे पान आणि सोबत जावास्क्रिप्टचा गठ्ठा धाडतो. पुढची जुळवाजुळव वाचकाच्या यंत्रावर होते.

ट्विटरने २०१० मध्ये हीच वाट धरली. तिथल्या पत्त्यांत तेव्हा '#!' ही चिन्हे असत. पत्त्यातला '#'पासूनचा भाग ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. त्यामुळे कोणी एखाद्या ट्वीटचा दुवा उघडला, तरी नेमके कोणते ट्वीट हवे आहे याचा सर्व्हरलाच पत्ता नसे! तो नुसता सांगाडा पाठवी. मग जावास्क्रिप्ट उतरे, पत्ता वाचे आणि ट्वीट मागायला पुन्हा सर्व्हरकडे जाई. १४० अक्षरांसाठी एवढा खटाटोप. मे २०१२ मध्ये कंपनीने पान घडवण्याचे काम परत सर्व्हरकडे नेले, तेव्हा पान उघडण्याचा सुरुवातीचा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आल्याचे तिने जाहीर केले.

सर्व्हरवर पान घडवल्याने सगळेच दुखणे जाते असे मात्र नाही. डेटाबेस संथ असेल तर वाचक कोऱ्या पडद्याकडेच पाहत बसतो. म्हणून तयार पाने साठवून ठेवावी लागतात किंवा पान तुकड्यातुकड्यांनी पाठवावे लागते. त्याहून फसवी अडचण पुढेच येते. रिअ‍ॅक्टसारख्या साधनांत सर्व्हरकडून आलेल्या पानाला ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट जोडावी लागते. याला 'हायड्रेशन' म्हणतात. ते होईपर्यंत बटण दिसते, पण दाबले तरी ढिम्म. स्वस्त मोबाइलवर हा काळ चांगलाच लांबतो.

गुगलच्या निकषांनुसार पानातला सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि वाचकाच्या कृतीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. पहिल्या निकषाला सर्व्हरची मदत होते. दुसऱ्यासाठी जावास्क्रिप्टच कमी करावी लागते. नकाशा किंवा हिशेबाचा तक्ता ब्राउझरमध्ये चालवणे रास्तच. चार परिच्छेदांच्या बातमीसाठी तो थाट अनाठायी.

एखादे पान कुठे घडले, हे संगणकावर सहज तपासता येते. ब्राउझरमधून पानाचा 'सोर्स' उघडावा आणि त्यात बातमीचे एखादे वाक्य शोधावे. तिथे परिच्छेद जसेच्या तसे दिसले, तर पान सर्व्हरवरूनच तयार होऊन आले आहे.