दारामागे काय दडलंय? ऑनलाइन नकाशातल्या दारांचं आणि उजेडाचं गणित

चार खेळाडू भुयारात उभे आहेत. समोर बंद दार. पलीकडे राक्षस आहे की खजिना, हे फक्त गेम मास्टरला ठाऊक. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हापासून त्याची खरी मजा या न दिसण्यातच आहे. टेबलावर खेळताना नकाशाचा पुढचा भाग कागदाने झाकता येतो. ऑनलाइन खेळात हे काम रोल२०, फाउंड्री यांसारखी 'व्हर्च्युअल टेबलटॉप' सॉफ्टवेअर करतात. इथे फाउंड्रीचं उदाहरण घेऊ.

नकाशा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं चित्र. चित्रातली भिंत त्याला कळत नाही. गेम मास्टरला त्यावर रेघा ओढून 'ही भिंत' असं सांगावं लागतं. दार म्हणजे अशीच एक रेघ, फक्त उघडणारी. ते उघडं, बंद किंवा कुलूपबंद ठेवता येतं. चिन्हावर क्लिक केलं की दार उघडतं. गेम मास्टरने राइट क्लिक केलं की कुलूप लागतं. गुप्त दारही असतं, खेळाडूंना ती भिंतच वाटते.

नवखे इथेच फसतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग भिंत ओढतात आणि तिच्यावर दार ठेवतात. मग दार उघडतं, पण मागची भिंत तशीच! भिंत चौकटीपाशी थांबवायची, मधे दाराचा तुकडा, पुढे पुन्हा भिंत. टोकं मात्र जुळलीच पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी तिथून नजर पलीकडे जाते आणि तासभर जपलेलं रहस्य क्षणात फुटतं. रेघ ओढताना कंट्रोलचं बटण दाबून ठेवा, म्हणजे पुढचा तुकडा आधीच्या टोकापासूनच सुरू होतो.

आता उजेड. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख प्रकाश २० फूट आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद. फाउंड्रीत मात्र दोन्ही अंतरं मशालीपासूनच मोजतात, म्हणून मंदच्या रकान्यात ४० लिहायचं. २० लिहिलं तर मंद प्रकाशाचा पट्टा गायबच! संपूर्ण नकाशा उजळणारा 'ग्लोबल इल्युमिनेशन'चा पर्याय बंद आहे ना, तेही पाहा. तो चालू असेल तर मशालीला अर्थच उरत नाही.

गेम मास्टरला एरवी सगळंच दिसतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. खेळाडूचं टोकन निवडलं की त्याच्या नजरेतून नकाशा दिसतो. मित्रमंडळी जमण्याआधी तसं प्रत्येक खोलीतून एकदा फिरून या. हे काम फोनच्या छोट्या पडद्यावर जमणार नाही, लॅपटॉपच हवा.

आणि ऐन खेळात दार उघडेना अशी ओरड झाली, तर आधी खेळ 'पॉज'वर नाही ना, ते बघा. पॉज असताना खेळाडूंना दारं उघडता येत नाहीत.