जलपर्णीवर औषध? जरा जपून!

बालमित्रांनो, नदीच्या पुलावरून जाताना खाली पाण्यावर हिरवागार गालिचा अन् त्यावर जांभळ्या फुलांचे तुरे तुम्ही पाहिले असतील. वाटतं, काय सुंदर बाग! पण मासेमारी करणाऱ्या काकांना विचारा. ते म्हणतील, "बाग कसली? केंदाळ आहे ते!" हीच जलपर्णी.

तिचं माहेर दक्षिण अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेपोटी ती बंगालमध्ये आणली गेली आणि देशभर पसरली. हवामान मानवलं, की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. म्हणजे आठ आठवड्यांत सोळापट! पाण्यावर जणू झाकणच बसतं. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

मग तणनाशक फवारलं की झालं, नाही का? थांबा! काठावर कुणाची तरी शेती आहे. जलपर्णीवर वापरलं जाणारं '२,४-डी' हे औषध रुंद पानांच्या वनस्पतींना मारतं. पण कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांचीही पानं रुंदच! वाऱ्याबरोबर गेलेले बारीक तुषारही कपाशीला बाधतात. तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली दिसू लागतात. पंप नीट न धुता तोच कपाशीवर वापरला, तरी हेच होतं.

दुसरा धोका पाण्यातच. सगळी जलपर्णी एकदम मेली, तर ती कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो.

म्हणून जाणकार मंडळी हे नियम पाळतात :

• पाण्यातल्या तणासाठी मान्यता असलेलंच औषध, माहितीपत्रक वाचून, मोजून घ्यायचं.
• पिकाकडे वारा वाहत असताना फवारायचं नाही.
• औषध पाण्यात ओतायचं नाही, पानांवर फवारायचं; तेही एका वेळी थोड्याच भागात.
• पत्रकात सांगितलेले दिवस उलटेपर्यंत ते पाणी पिकांना, गुरांना द्यायचं नाही.
• हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच. रिकामा डबा घरात वापरायचा नाही.

फवारणी हे मुलांचं काम मुळीच नाही. पण डब्यावरचा रंगीत त्रिकोण तुम्ही आई-बाबांना जरूर दाखवा. लाल म्हणजे सर्वांत विषारी. मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र समजू नका हं!

थोडी जलपर्णी असेल, तर ती हातांनी काढणंच बरं. फक्त जलपर्णीवर जगणारे छोटे भुंगेरेही १९८० च्या दशकात भारतात आणून सोडले गेले. त्यांचं काम सावकाश चालतं, पण शेजारच्या पिकाला धक्का लागत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. जलपर्णीचा खुराक म्हणजे आपलं सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. खुराक चालूच राहिला, तर आज मारलेली जलपर्णी उद्या पुन्हा हजर! तुमच्या गावचं सांडपाणी कुठं जातं, ते शोधाल ना?