अँटिबायोटिकची सवय नेमकी कुणाला?

"मला आता अझिथ्रोमायसिन लागूच पडत नाही, शरीराला सवय झालीय." दवाखान्याच्या बाकावर, मेडिकलच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हे वाक्य कानावर येतं. बोलणारा इतक्या खात्रीनं बोलतो की ऐकणाराही मान डोलावतो. मग त्यातूनच उपाय निघतात. थोडे दिवस गोळ्या बंद ठेवा, सवय मोडेल. किंवा, मी कधीच अँटिबायोटिक घेत नाही, त्यामुळे घेईन तेव्हा हमखास गुण येणार.

झोपेच्या गोळीची सवय लागते, कारण ती आपल्याच मेंदूवर काम करते. अँटिबायोटिकचं लक्ष्य असतं जिवाणू. दाद देणं किंवा न देणं हा त्या जिवाणूचा गुण आहे, तुमचा नाही. पटत नसेल तर दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधल्या नवजात बाळांचा अभ्यास पाहा. तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१६ साली आला. संसर्ग झालेल्या बाळांच्या रक्तातून जे अ‍ॅसिनेटोबॅक्टर जिवाणू मिळाले, त्यांतले ८२ टक्के अनेक अँटिबायोटिकांना जुमानत नव्हते. यातल्या बऱ्याच बाळांना जन्मानंतर तीन दिवसांच्या आतच संसर्ग झाला होता. एवढ्याशा जिवाला कुठल्या गोळीची सवय लागणार?

जिवाणू औषधाला पुरून उरतात, त्याच्या अनेक युक्त्या आहेत. काही औषधाचे तुकडे करतात, काही औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतात. तिसरी युक्ती जास्त बिलंदर आहे. औषध आत येऊ द्यायचं आणि पंपानं बाहेर फेकायचं. १९८० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात लॉरा मॅकमरी, स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी ते टेट्रासायक्लिनच्या बाबतीत दाखवलं. प्रयोग सुरेख होता. ई. कोलाय जिवाणूच्या आवरणापासून त्यांनी सूक्ष्म पिशव्या बनवल्या, पण उलट्या, आतली बाजू बाहेर आलेल्या. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या पिशव्या ऊर्जा खर्च करून टेट्रासायक्लिन आत भरू लागल्या. पिशवी उलटी, म्हणून पंपाची दिशाही उलटी! या साऱ्यात माणसाचं शरीर कुठेच नव्हतं, हे 'सवय'वाल्यांनी लक्षात घ्यावं.

ई. कोलायकडचा सगळ्यात अभ्यासलेला पंप तीन प्रथिनांचा असतो: आतल्या आवरणात एसीआरबी, बाहेरच्या आवरणातून जाणारी टॉलसी ही नळी आणि दोघांना जोडणारं एसीआरए. एसीआरबीचे तीन सारखे भाग पाळीपाळीनं औषध घेतात, धरतात आणि नळीत ढकलतात. ऊर्जा मिळते ती आत शिरणाऱ्या प्रोटॉनांकडून. भोक पडलेल्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसं हे चालतं. औषध आत येतच असतं, पण मारण्याइतकं साठत नाही. शिवाय हा पंप फारसा चोखंदळ नाही. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधं, एरिथ्रोमायसिन, सगळी बाहेर. म्हणून 'ही नको, दुसरी द्या' हा उपाय दर वेळी चालत नाही.

हे पंप अँटिबायोटिकांच्या गोळ्या बाजारात आल्यावर तयार झाले, हाही गैरसमजच. आतड्यात राहायचं तर पित्तातले क्षार सोसावे लागतात, आणि ई. कोलाय ते याच पंपानं बाहेर काढतो. आपण फक्त निवड करतो. पंपाच्या निर्मितीवर लगाम ठेवणारं जनुक एखाद्या जिवाणूत बिघडलं की त्याच्याकडे पंप जास्त होतात. गोळी घेतल्यावर बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. काही पंपांची जनुकं तर प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर, बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. अँटिबायोटिकला कधी हातही न लावलेल्या माणसाला असा तयार जिवाणू शेजाऱ्याकडून मिळू शकतो.

प्रामाणिकपणे एक अपवाद सांगायला हवा. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन घेतलं की पहिल्या काही आठवड्यांत यकृत ते अधिक वेगानं निकामी करू लागतं. म्हणजे इथे शरीर खरंच बदलतं. पण डोस ठरवताना ते धरलेलं असतं, आणि त्यामुळे क्षयाचा जंतू चिवट होत नाही.

असेच आणखी काही समज. 'हेवी डोस दिला की पंप हरेल': कधी कधी हरतोही, पण तेवढा डोस मूत्रपिंडाला आणि यकृताला सोसेल का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. 'सर्दीला घेतलं तर बिघडलं कुठे': सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही, निवड होते ती तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंची. 'अँटिसेप्टिकपुढे कुणाचं चालत नाही': स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा क्यूएसीए हा पंप काही अँटिसेप्टिकही बाहेर टाकतो.

आणि 'मिऱ्याचा काढा घेतला की गोळी लागू पडते' हा समज. याला थोडा आधार आहे, म्हणून तो जास्त पसरतो. जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत असेल तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन अधिक प्रभावी ठरतं, बहुधा जिवाणूचा पंप अडल्यामुळे. पण हे प्रयोगशाळेत, शुद्ध पायपरिन मोजून घालून. काढ्यातून ते संसर्गाच्या जागी तेवढंच पोचेल, असं यातून सिद्ध होत नाही. जिवाणूंचा पंप बंद पाडण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अजून रुग्णांसाठी उपलब्ध नाही. अडचण अशी की आपल्या आतड्याच्या, यकृताच्या, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींमध्येही विषारी रेणू बाहेर काढणारे पंप असतात. जिवाणूचा पंप अडवायला निघालेला रेणू तेही अडवू शकतो.