विकृतिशास्त्र विभाग कुठे आहे?

वडील एसटीत वाहक होते. दिसेल ती पाटी वाचायची, ही त्यांची जन्मभराची सवय. अशा माणसाला घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात पाऊण तास भटकलो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत ‘पॅथॉलॉजी’ लिहिले होते, केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस ‘लॅब’ म्हणाला आणि दारावर होते ‘विकृतिशास्त्र विभाग’. त्या दारावरून आम्ही दोनदा गेलो. वडिलांनी दोन्ही वेळा पाटी वाचली. ‘हे वेड्यांचं असेल,’ म्हणाले. रक्त घ्यायची वेळ टळली. उपाशीपोटी आलेले वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी आले.

तेव्हापासून रुग्णालयांच्या पाट्या पाहत हिंडायचा मला नाद लागला. ‘वेफाइंडिंग’ म्हणजे वाट शोधणे हा शब्द केविन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ या १९६० सालच्या पुस्तकात शहरांविषयी वापरला. आपले भाषा संचालनालयही १९६० चेच. माणूस वाट कशी शोधतो हे एकीकडे पाहिले जात होते, दुसरीकडे शास्त्रांना मराठी नावे मिळत होती. रुग्णालयाच्या बोळात या दोन कामांची गाठ पडायला हवी होती. ‘विकृतिशास्त्र’ हा शब्द चूक नाही, पाठ्यपुस्तकात तो शोभतो. पण दारावर ‘रक्त-लघवी तपासणी’ एवढेच असते तर वडील थांबले असते. आणि तेच शब्द चिठ्ठीवर हवेत, खिडकीवर हवेत, रखवालदाराच्या तोंडीही हवेत. नुसती पाटी बदलून भागत नाही.

माणूस अडतो तो वाट फुटते तिथे. पाटी तिथे हवी, चालणाऱ्याच्या समोर आडवी. आपल्याकडे ती बहुधा दारावर, भिंतीला चिकटून असते. म्हणजे पोहोचलेल्यालाच दिसते. अक्षराची आणखी एक अडचण. देवनागरीत मात्रा-वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजी ओळीइतक्याच उंचीत मराठी ओळ बसवली की मूळ अक्षर बारीक होते आणि लांबून वाचता येत नाही. शेजारी-शेजारी समान जागा दिली म्हणजे न्याय झाला, असे पाटी रंगवून घेणाऱ्यांना वाटते.

वाट चुकण्याचा खर्च मोजता येतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठ रुग्णालयाचा हिशेब क्रेग झिमरिंग यांनी १९९० मध्ये मांडला: वर्षाला २ लाख २० हजार डॉलरहून अधिक. दुसऱ्याच कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे ४,५०० हून अधिक तास लोकांना रस्ता सांगण्यात जात होते. हा झाला रुग्णालयाचा खर्च. उपाशी वडिलांचा दुसरा दिवस कुठल्या रकान्यात मांडायचा?

गेल्या वर्षी त्याच रुग्णालयात पुन्हा जाणे झाले. पाटी तशीच होती. तिच्याखाली कुणीतरी हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: ‘रक्त इथे घेतात.’ चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावून त्याच्या कडा जाड झाल्या होत्या.