मोबाईलच्या चार्जिंगची वायर कशी पारखावी

शेतकऱ्याच्या घरांत ज्या वस्तूंची खरेदी विचारपूर्वक होते, त्यांत मोबाईलच्या चार्जिंगची वायर सहसा मोडत नाहीं. बैल घ्यावयाचा असला तर आपण दांत पाहतों, खूर पाहतों, दोन बाजार फिरतों. बियाणें घेतांना पिशवीवरील लॉट क्रमांक वाचतों. वायर मात्र बाजारच्या दिवशीं एखाद्या गाड्यावरून, भाजी घेतां घेतां, पिन फोनमध्यें बसते कीं नाहीं एवढेंच पाहून उचलली जाते. शंभर-सव्वाशें रुपयांची वस्तु, मोडली तर दुसरी आणूं, असा हिशेब त्यामागें असतो.

हा हिशेब अपुरा आहे. दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वीं तलाठ्यानें करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः, आपल्या शेतांत उभें राहून, फोनवरून करावी असें ठरलें. ती मुदतींत झाली नाहीं तर पीक विमा, नुकसानभरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांच्या वेळीं अडचणी उभ्या राहूं शकतात. सातबाऱ्यावरील कोऱ्या रकान्याची किंमत काय असते, हें महसूल खात्यांत लेखणी झिजविलेल्या मनुष्यास निराळें सांगावें लागत नाहीं. शिवाय पुष्कळांच्या मोटरी आतां मोबाईल स्टार्टरवर चालतात, आणि शेतीची वीज रात्रीं येवो वा दिवसा, ती मोजक्याच तासांची असते. घरांत वीज असलेल्या दोन तासांत फोन जेमतेम चौथाई भरावा आणि त्याचें कारण वायर असावी, ही गोष्ट टाळण्यासारखी आहे.

वायरीच्या पोटांत काय असतें तें प्रथम पाहूं. साध्या वायरींत चार बारीक तारा असतात. दोन तारांतून वीज जाते व परत येते. उरलेल्या दोहोंतून फोटो, कागदपत्रें वगैरे मजकूर संगणकावर नेतां येतो. अगदीं स्वस्त वायरींत या शेवटच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. तशा वायरीनें फोन चार्ज होतो, परंतु संगणक फोनला ओळखीतच नाहीं, आणि बिचारा मालक फोन बिघडला असें समजून दुरुस्तीवाल्याकडे जातो. मजकूर नेण्याचें काम पडणार असेल तर दुकानांतच ‘डेटा चालतो काय’ असें विचारून घ्यावें.

परंतु खरें महत्त्व विजेच्या दोन तारांच्या जाडीस आहे. ज्याची विहीर डी.पी.पासून लांब आहे त्यास हें सांगण्याची गरज नाहीं. डी.पी.वर दाब पुरेसा असतो. मात्र बारीक तारेनें लांबवर वीज नेली कीं मोटरीपर्यंत येतां येतां दाब पडतो, मोटर गुरगुरते व तापते. फोनच्या वायरींतही हेंच घडतें, आणि तेथें तर मुळांतच दाब फक्त ५ व्होल्ट असल्यामुळें थोडीशी घटही फार होते. तारेची जाडी एडब्ल्यूजी या मापानें मोजतात. या मापांत आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हें ध्यानांत ठेवावें. २८ क्रमांकाची तार सुमारें ०.३२ मिलिमीटर जाडीची, तर २४ क्रमांकाची सुमारें ०.५१ मिलिमीटर जाडीची असते. एक मीटर लांबीच्या वायरींतून २ अँपिअर प्रवाह नेला, तर २८ क्रमांकाच्या तांब्याच्या तारेंत जातां-येतां मिळून सुमारें ०.८५ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. २४ क्रमांकाच्या तारेंत हाच खर्च सुमारें ०.३४ व्होल्ट होतो. म्हणजे पहिल्या वायरीच्या टोंकाशीं फोनला ५ ऐवजीं सव्वाचार व्होल्टही मिळत नाहींत. अशा वेळीं फोन आपण होऊन प्रवाह कमी घेऊं लागतो, आणि चार्जिंग रेंगाळतें. वायर दोन मीटरची घेतली तर हा तोटा दुप्पट होतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, वायर गरजेपेक्षां लांब घेऊं नये. एक मीटर पुष्कळ झाली. खाटेपर्यंत पोंचत नसेल तर भिंतीच्या बाजूनें चांगला एक्स्टेन्शन बोर्ड लावावा. तेथें दाब २३० व्होल्टचा असल्यामुळें चार्जरला लागणारा प्रवाह अगदीं थोडा असतो व तोटा नांवालाही होत नाहीं. दुसरी, जाडी वरच्या आवरणावरून ठरवूं नये. बोटाएवढ्या जाड रबराच्या आंत केसासारखी तार घातलेली वायर बाजारांत मुबलक मिळते. कित्येक वायरींच्या आवरणावर बारीक इंग्रजी अक्षरांत एडब्ल्यूजीचे दोन आंकडे छापलेले असतात. त्यांतील एक मजकूर नेणाऱ्या तारांचा व दुसरा विजेच्या तारांचा असतो. विजेच्या तारांचा आंकडा २४ किंवा त्याहून लहान असेल तर ती वायर साध्या कामास उत्तम समजावी. दोन्ही आंकडे २८ असतील तर सोडून द्यावी.

तार तांब्याचीच आहे कीं नाहीं, हा निराळा प्रश्न आहे. मोटर रिवाइंडिंग करून घेतांना तांबें कीं ॲल्युमिनियम हें आपण आवर्जून विचारतों, तेंच येथेंही लागू पडतें. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची शक्ति तांब्याच्या सुमारें तीन-पंचमांश आहे, आणि वारंवार वांकविल्यास तें लवकर तुटतें. स्वस्त वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. दुकानांत हें कळणार नाहीं. परंतु घरांतील एखादी मेलेली वायर चाकूनें कापून तार खरवडून पाहिली तर आंत पांढरें दिसतें कीं तांबूस, यावरून त्या दुकानाच्या मालाची परीक्षा होते.

आतां पिनेविषयीं. पूर्वीं फोनागणिक पिन निराळी होती. आतां बहुतेक नवे फोन ‘सी’ पिनेवर आले आहेत. भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ साली या पिनेचें मानक प्रसिद्ध केलें. युरोपांत २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलांस ती सक्तीची झाली. आयफोननेंही सप्टेंबर २०२३ पासून तीच स्वीकारली. तरी साधे बटणांचे फोन, रेडिओ व बॅटऱ्या यांत जुनी चपटी पिन अजून आहे, म्हणून घरांत दोन्ही प्रकारच्या वायरी लागतात.

सी पिनेच्या वायरींत पुन्हा दोन जाती. एकीचें चार्जरकडील टोंक जुन्या चौकोनी पद्धतीचें, तर दुसरीचीं दोन्ही टोंकें सी. दुसरी जात नवी म्हणून चांगलीच, असें मानूं नये. स्वस्तांतल्या कित्येक टॉर्च व फवारणी पंपांच्या सी खांचेंत, चार्जरला ‘वीज दे’ असें सांगणारा छोटासा रोधक बसविलेलाच नसतो. अशी वस्तु दोन्हीं बाजूंनीं सी असलेल्या वायरीवर मुळींच चार्ज होत नाहीं, आणि जुन्या चौकोनी टोंकाच्या वायरीवर मुकाट्यानें होते. वस्तु परत करण्यापूर्वीं हा प्रयोग करून पाहावा.

वेष्टणावरील वॅटच्या मोठमोठ्या आंकड्यांनीं भुलूं नये. दोन्ही टोंकें सी असलेल्या वायरीनें नियमाप्रमाणें ३ अँपिअर प्रवाह सोसलाच पाहिजे, म्हणजे ६० वॅटपर्यंतचें काम तिच्यानें होतें. साध्या फोनला एवढें पुष्कळ आहे. त्यापुढें १०० किंवा २४० वॅटचें काम ५ अँपिअरच्या वायरीचें, आणि तिच्या टोंकांत ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती नसल्यास वेष्टणावर कांहींही छापलेलें असो, नियमानें चालणारा चार्जर ३ अँपिअरच्या वर देत नाहीं. कांहीं कंपन्यांचें जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर-वायरीच्या जोडीवर चालतें. तेथें दुसरी वायर लावल्यास फोन चार्ज होईल, पण सावकाश. त्या फोनची मूळ वायर जपून ठेवावी.

स्वस्त वायर केवळ सावकाश चालते असें नाहीं, ती घातकही होऊं शकते. चौकोनी टोंकाच्या सी वायरींत ५६ किलो-ओहमचा एक रोधक असावा असा नियम आहे. त्याच्या ठिकाणीं चुकीचा रोधक घातला तर फोन समजतो कीं समोर मोठा चार्जर आहे, आणि लहान चार्जरकडून शक्तीबाहेर वीज ओढूं लागतो. गूगल कंपनींतील अभियंता बेन्सन ल्युंग यांनीं २०१५ पासून अशा वायरी विकत घेऊन तपासण्याचा क्रम चालविला होता. फेब्रुवारी २०१६ मध्यें एका वायरींत विजेच्या दोन ताराच उलट जोडलेल्या निघाल्या व त्यांचा संगणक जळला. पुढील महिन्यांत ॲमेझॉननें नियमांस न उतरणाऱ्या अशा वायरी विकण्यास बंदी केली. कंपनीचें नांव, पत्ता व बिल यांशिवाय वायर घेऊं नये, तें याचसाठीं.

चार्जरविषयीं थोडें. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व ‘आर’ अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्यें घालून खरा आहे कीं नाहीं तें पाहतां येतें. चार्जरच निकृष्ट असेल तर उत्तम वायरही कांहीं करूं शकत नाहीं.

मजबुतीसाठीं विणकाम केलेलें कापडी आवरण चांगलें दिसतें. उंदीर मात्र त्यालाही सोडीत नाहींत. वायर मरते ती बहुधा मानेशीं, म्हणजे पिन व तार यांच्या सांध्याशीं. सी पिन सुमारें १०,००० वेळां घालण्या-काढण्यास टिकावी असें धरलें आहे. दिवसांतून तीनदां लावली तरी ती नऊ वर्षें पुरावी. म्हणून घेतांना मान लांब, लवचीक व घट्ट धरलेली आहे काय तें पाहावें, आणि घरीं वायर चार्जरभोंवतीं आवळून गुंडाळूं नये. बैलाच्या दोरासारखी मोकळी वेटाळावी.

नवी वायर आणल्यावर घरींच कसोटी घ्यावी. फोन २० टक्क्यांवर आला असतां जुन्या चांगल्या वायरीवर अर्धा तास लावून किती टक्के वाढले तें लिहून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं त्याच चार्जरवर, तितक्याच टक्क्यांपासून नव्या वायरीवर तसेंच करावें. भरत आलेल्या फोनवर ही कसोटी घेऊं नये, कारण ८० टक्क्यांच्या पुढें चार्जिंग आपोआप मंदावतें. फरक मोठा आला तर बिल घेऊन वायर परत न्यावी.

वायर फोनमध्यें सैल बसूं लागली तर दोष नेहमीं वायरीचा नसतो. सदऱ्याच्या खिशांतील कापूस व शेतांतील माती फोनच्या खांचेंत दडपून बसते. फोन बंद करून लांकडी दांतकोरण्यानें ती हलकेच काढावी. टांचणी किंवा सुई घालूं नये. चार्जर खतांच्या गोणींजवळ ठेवूं नये, खताचे कण ओलाव्याबरोबर पिनेचीं टोंकें खातात. पावसांत भिजलेला फोन पूर्ण वाळेपर्यंत लावूं नये, आणि कापसाच्या गंजीवर किंवा कडब्यावर फोन चार्जिंगला ठेवण्याची खोड घरांत कोणास असेल तर ती मोडावी. पिन हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, किंवा उंदरानें कुरतडून आंतील तारा दिसत असतील, तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढूं नयेत. अशी वायर फेंकण्यापूर्वीं मधोमध कापावी; नाहींतर ती घरांतील कोणीतरी फडताळांतून शोधून पुन्हा लावतोच.