मुष्टियुद्ध आणि पोटाचा प्रश्न

गेल्या दिवाळींत आमच्या माजलगांवच्या घरीं एक प्रश्न निघाला, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. आमचा पुतण्या, वय वर्षें १८, वजन ७८ किलो, फराळाच्या ताटावरून उठतां उठतां म्हणाला कीं, आपणांस मुष्टियोद्धा व्हावयाचें आहे. आणि तेंही शिक्षण सांभाळून हौस म्हणून नव्हे, तर पोटाचा धंदा म्हणून. वहिनींच्या हातांतील चकलीचा डबा तसाच राहिला. दादांनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. आईनें मात्र माजघरांतून एवढेंच विचारलें, "नाक फुटलेल्या मुलास मुलगी कोण देणार?"

घरांत छापील कागदाशीं संबंध ठेवणारा मीच असल्यामुळें या धंद्याची माहिती काढण्याचें काम ओघानेंच मजकडे आलें. जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण असा एखादा पुतण्या हल्लीं पुष्कळ घरांत असावा असा माझा तर्क आहे.

मुष्टियुद्धांत जोडी वजन पाहून लावतात, हें बहुतेकांस ठाऊक असेलच. आमच्या पुतण्याच्या अंगकाठीस लागू पडणारा जो गट, त्याचें नांव लाइट हेवीवेट. म्हणजे जड, परंतु फार जड नव्हे! याची कमाल मर्यादा १७५ पौंड, सुमारें ७९ किलो. हा गट १९०३ सालीं अमेरिकेंत निघाला. खालच्या गटांत ज्यांचें अंग मावत नसे आणि वरच्या गटांत गेल्यास ज्यांचा चेंदामेंदा होई, अशा मधल्या माणसांची त्यानें सोय झाली. हातमोजे, ३ मिनिटांची फेरी, १ मिनिट विश्रांति आणि खालीं पडलेल्यास उठावयास १० पर्यंत मोजणी, हे नियम त्याहून जुने, १८६७ चे. पूर्वीं विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ सालीं किम डुक-कू हा कोरियन तरुण अशा लढतीनंतर मरण पावला, तेव्हां पुढील कांहीं वर्षांत १२ फेऱ्यांचा दंडक झाला. हें मी घरांत वाचून दाखविलें, तेव्हां वहिनी उठून आंत गेल्या.

आतां पैशाची गोष्ट. या गटांतील मोठ्यांत मोठा धंदेवाईक योद्धा म्हणून आर्ची मूर याचें नांव घेतात. हा अमेरिकेंतील कृष्णवर्णी गृहस्थ. पंधरा-सोळा वर्षें गांवोगांव लढत हिंडला, परंतु विजेत्याशीं गांठ घालून देण्यास कोणी तयार होईना. अखेर १७ डिसेंबर १९५२ रोजीं सेंट लुई येथें त्यानें जोई मॅक्सिमला हरवून विजेतेपद मिळविलें. तेव्हां त्याचें वय ३६ होतें कीं ३९, याविषयीं खुद्द त्याचें व त्याच्या आईचेंच एकमत नव्हतें. गंमत पुढें आहे. हरलेल्या मॅक्सिमला आधीं ठरल्याप्रमाणें १ लाख डॉलर मिळाले. जिंकलेल्या मूरच्या पदरांत पडले ८०० डॉलर. लढत ठरविणारे, जागा देणारे, मधले दलाल, या सर्वांचें भागल्यावर योद्ध्याचें पान वाढलें जातें. कापसाच्या बाजारांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्या दादांस हें एका वाक्यांत समजलें. "म्हणजे पीक ह्याचें आणि पट्टी आडत्याच्या मनाची," ते म्हणाले.

मूरनें तें पद जवळजवळ दहा वर्षें राखलें, हेंही सांगितलें पाहिजे. १९५८ सालीं मॉन्ट्रियल येथें इव्हॉन ड्युरेल नांवाच्या कॅनेडियन कोळ्यानें त्यास पहिल्याच फेरींत तीन वेळां लोळविलें, पांचवींत आणखी एकदां. तरीही अकराव्या फेरींत मूरनेंच त्यास संपविलें. अशा हकीकती वाचतांना माझ्यासारख्या पुस्तकी माणसाच्याही मुठी वळतात, हें मी नाकबूल करीत नाहीं. परंतु याच धंद्याविषयीं मार्टलंड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरनें १९२८ सालीं लिहून ठेवलेलें आहे कीं, वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे खाणाऱ्यांची चाल अडखळते, बोलणें जड होतें, आणि दारूचा थेंबही न घेतां माणूस झिंगल्यासारखा दिसूं लागतो. पुढील संशोधनानें हें खोडून काढलें नाहीं. उलट मेंदूंत नेमकें काय बिघडतें तें दाखविलें आहे.

अमेरिकेचीं उदाहरणें दादांस पटत नाहींत. "आपल्या इकडचें कोणी सांग," म्हणाले. आमच्या बीड जिल्ह्यानें मल्ल दिला आहे. पाटोद्याच्या राहुल आवारे यांनीं २०१८ सालीं राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. परंतु ती कुस्ती. मुष्टियोद्धा म्हणावयाचा तर मला सांपडला तो सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचा, मुरलीकांत राजाराम पेटकर. त्यांची हकीकत मात्र निराळ्याच वळणानें जाते.

पेटकर पोरवयांतच सैन्यांत दाखल झाले. यंत्रसामुग्री दुरुस्त करणाऱ्या ई. एम. ई. या दलांत ते कारागीर जवान होते. सिकंदराबादेस ठोसेबाजी शिकले आणि तींत इतके पुढें आले कीं, १९६४ सालीं टोकियो येथें निरनिराळ्या देशांच्या सैनिकांच्या ज्या क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत भारतातर्फें उतरले. येथून एखाद्या योद्ध्याची चढती कमान सुरू व्हावयाची. परंतु १९६५ चें पाकिस्तानशीं युद्ध सुरू झालें आणि त्यांत त्यांच्या अंगांत अनेक गोळ्या शिरल्या. एक तर पाठीच्या कण्यापाशीं कायमचीच राहिली. कमरेखालचें अंग लुळें पडलें. ज्या खेळांत अर्धें सामर्थ्य पायांतून येतें, (ठोसा हाताचा दिसतो, परंतु निघतो तो टांचेपासून, असें जाणते सांगतात), त्या खेळाचा प्रश्नच उरला नाहीं.

मुंबईच्या आरमारी इस्पितळांत, 'अश्विनी'मध्यें, उपचार म्हणून त्यांना पाण्यांत उतरविलें. मन रमावें व स्नायू शाबूत राहावे एवढाच डॉक्टरांचा हेतु असावा. परंतु ज्याला सात-आठ वर्षें पहांटे उठून घाम गाळण्याची संवय जडलेली, तो मनुष्य नुसता मन रमवून कसा थांबेल? १९६८ सालीं तेल अव्हिव येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें ते टेबलटेनिस खेळले. परदेशच्या प्रवासाचा खर्च हा त्या काळीं डोंगर. प्रख्यात क्रिकेटपटु विजय मर्चंट यांच्या संस्थेनें त्या कामीं हात दिला.

पुढें १९७२. म्यूनिकच्या ऑलिंपिकचा गाजावाजा सर्वांस आठवतो. अपंगांच्या स्पर्धा मात्र त्याच्या आधीं, ऑगस्टच्या आरंभीं, हायडेलबर्ग येथें झाल्या. कारण म्यूनिकचें क्रीडाग्राम नंतर राहत्या घरांसाठीं द्यावयाचें होतें. तेथें पेटकरांनीं ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचें अंतर ३७.३३ सेकंदांत कापलें. तो त्या प्रकारांतील जागतिक उच्चांक होता, आणि भारतास अशा स्पर्धांत मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. धडधाकट माणसांच्या ऑलिंपिकमध्यें एकट्याच्या बळावर सुवर्ण मिळविण्यास आपल्या देशास २००८ साल उजाडावें लागलें, हें लक्षांत घ्यावें. हायडेलबर्गला त्यांनीं भालाफेंक व चाकांच्या खुर्चीची शर्यतही केली, हें वेगळेंच.

एवढें झाल्यावर देशानें काय केलें? विसरला. पेटकर पुण्यास टेल्को कारखान्यांत नोकरी करीत राहिले. १९८२ सालीं अर्जुन पुरस्कारासाठीं केलेला अर्ज फेटाळला गेला. २०१८ मध्यें पद्मश्री मिळाली, २०२४ मध्यें त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्यें, म्हणजे हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनीं, तोच अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांना देण्यांत आला. चित्रपट निघाल्याखेरीज आमच्या लोकांस माणूस दिसत नाहीं, ही माझी जुनी तक्रार आहे. परंतु ती येथें नको.

घरच्या बैठकींत ही हकीकत सांगून झाल्यावर पुतण्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलें, काकांनीं आपली बाजू घेतली. मी त्यास म्हणालों कीं, बाबा रे, यांतील एक गोष्ट निसटूं देऊं नकोस. गोळ्या लागल्या त्या दिवशीं पेटकरांच्या पाठीशीं सैन्याचें इस्पितळ होतें. पुढें कारखान्याची नोकरी होती. मूर पडला असता तर त्याच्या पाठीशीं कोण होतें? धंदेवाईक योद्ध्यास रजा नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं, आणि हरल्यावर दलालाचा दूरध्वनिही येत नाहीं. आपल्याकडील विजेंदर सिंग २०१५ सालीं या धंद्यांत शिरला आणि पुढच्याच वर्षीं दिल्लींत आशियाई विजेतेपद मिळविता झाला खरा. परंतु त्याआधीं २००८ चें ऑलिंपिक पदक व हरियाणा पोलिसांतील नोकरी त्याच्या पदरीं होती.

"मग मी आधीं सैन्यांत जातों," पुतण्या म्हणाला.

यावर दादा प्रथमच बोलते झाले. पुण्यास सैन्याची क्रीडासंस्था आहे आणि तींत मुष्टियुद्ध शिकवितात, हें त्यांनीं कोठून तरी काढून ठेवलें होतें. तेथें मुलें कोवळ्या वयांत घेतात, तेव्हां ती वेळ गेली, हेंही त्यांस ठाऊक होतें. साध्या भरतीस मात्र वय आहे. म्हणजे हा गृहस्थ दिवाळीपासून गप्प बसून आमच्याइतकाच शोध करीत होता! वहिनींनीं त्यांच्याकडे पाहिलें तें पाहणें मी येथें वर्णन करीत नाहीं. पदवी पुरी करून जावें कीं आधींच जावें, यावर आतां वाद अडला आहे. सैन्यांत गेल्यास गोळ्याही लागतात, पेटकरांची हकीकत तूंच सांगितलीस, असें वहिनी मला ऐकवितात. त्यास मजजवळ उत्तर नाहीं.

परवां पुतण्या मोंढ्यांत जाऊन ओळखीच्या आडतीवर कापसाच्या काट्यावर स्वतःचें वजन करून आला. ७६ भरलें. रोज पहांटे सिंदफणेच्या बाजूस धांवावयास जातो, त्यानें दोन किलो उतरलें. रात्रीं जेवतांना आईनें त्याच्या भातावर तुपाची धार नेहमींपेक्षां अंमळ जास्त सोडली, आणि त्यानेंही मुकाट्यानें ताट पुढें केलें.