मैदान आहे, फुरसत नाही

रविवारी सकाळी काशीदच्या किनाऱ्यावर जो देखावा दिसतो, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावा असा आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील हे छोटे गाव. रेवदंड्याहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सुरूची बने आणि त्यांच्यापलीकडे सुमारे तीन किलोमीटर लांबीची पांढुरक्या वाळूची पट्टी. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट बसते आणि तिचे आपोआप मैदान होते. त्याला ना कुंपण, ना वर्गणी. त्या मैदानावर मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी क्रिकेट खेळतात, धावतात, पाण्यात डुंबतात. गावातील तरुण मात्र त्याच वेळी घोडागाडी हाकीत असतो, शहाळी सोलत असतो किंवा पाहुण्यांच्या खोल्यांची व्यवस्था पाहत असतो. आणि त्याची आई वा बहीण खानावळीच्या चुलीपाशी असते. आठवडाभर कचेरीत बसलेला मनुष्य येथे येऊन दोन दिवस खेळतो. मैदानाशेजारीच जन्मलेल्या माणसाला मात्र नेमक्या त्याच दोन दिवसांत उसंत नसते.

आपल्या देशातील लोक खेळत नाहीत, व्यायाम करीत नाहीत, अशी तक्रार जेव्हा जेव्हा होते, तेव्हा तिचे खापर लोकांच्या आळसावर फोडले जाते आणि उपाय म्हणून ‘जागृती’ सुचवली जाते. काशीदचा किनारा वेगळेच सांगतो. खेळण्यासाठी केवळ इच्छा पुरत नाही. वेळ, जागा आणि शिकवणारा माणूस, ही तीनही साधने लागतात. त्यांपैकी जागा निसर्गाने फुकट दिली, तरी उरलेल्या दोघांवाचून ती रिकामीच राहते. राष्ट्रातील क्रीडासहभागाचा प्रश्न म्हणूनच मुख्यतः या साधनांच्या, आणि विशेषेकरून फुरसतीच्या, वाटपाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण म्हणजे राष्ट्राचे क्रीडाबळ पदकांत मोजण्याची सवय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला सहा पदके मिळाली. त्यांतील नेमबाजीचे एक कांस्यपदक कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने जिंकले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कुस्तीच्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. त्याचा आनंद रास्तच आहे. परंतु पदक हे शिखर होय. शिखराच्या उंचीवरून पायथ्याची रुंदी कळत नाही. नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, रोख पारितोषिके, ही सारी उत्तेजने जिंकणाऱ्यासाठी आहेत. जो कधीच जिंकणार नाही, पण रोज तासभर खेळेल, अशा माणसाचा विचार या हिशेबात कोठेच नसतो.

मोठ्या स्पर्धा भरवल्या की जनता आपोआप खेळू लागेल, हा युक्तिवादही तपासून घेण्यासारखा आहे. भारताने २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी २०२४ मध्ये इरादापत्र दिले असल्यामुळे तो यापुढे वारंवार ऐकू येईल. लंडनने २०१२ च्या स्पर्धा भरवताना एका पिढीला प्रेरणा देण्याचे ब्रीद मिरवले होते. २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने मात्र असा निष्कर्ष काढला की, सहभागातील टिकाऊ वाढीचे आश्वासन फळाला आले नाही. तरीही इंग्लंडचा एक गुण मान्य केला पाहिजे. तेथे किती लोक खेळतात याची नियमित पाहणी होते, म्हणूनच अपयशही नोंदले गेले. आपल्याकडे क्रीडासंकुले मोजली जातात. खेळणारी माणसे मोजली जात नाहीत.

जे मोजमाप बाहेरच्यांनी केले आहे, ते चिंताजनक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, २०२२ साली भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ या निकषाला उतरत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. या मोजमापात खेळाबरोबर कामातील आणि घरातील हालचालही धरली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्यांचे गांभीर्य अधिकच जाणवते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कष्टकऱ्याला व्यायाम कशाला हवा? भातलावणी करणाऱ्याला किंवा जाळी ओढणाऱ्याला दंडबैठका सांगणे हा त्याचा उपहास नव्हे काय? ज्या काळी कोकणचा निर्वाह शेती आणि मासेमारीवर होता, त्या काळी हा आक्षेप बिनतोड होता. आता किनाऱ्यावरच्या गावांत निर्वाहाचे साधन बदलत आहे. शेतातून आणि होडीतून माणूस गल्ल्यावर, स्वागतकक्षात आणि वाहनाच्या आसनावर आला आहे. शेतीकडून सेवाव्यवसायाकडे होणारे हे स्थित्यंतर अर्थशास्त्रात प्रगतीचे लक्षण मानले जाते, आणि ते चुकीचेही नाही. पण त्यात शरीराचे कष्ट गेले, तरी त्यांच्या जागी फुरसत आली नाही. दिवसाचे तास पूर्वीइतकेच भरलेले राहिले. फरक एवढाच की, ते आता बसून भरले जातात. शहरातील कारकुनाने दोन पिढ्यांपूर्वी जे भोगले, ते आज गावाच्या वाट्याला येत आहे.

खर्चाचा मुद्दा या तुलनेत दुय्यम आहे. कबड्डीचेच पाहा. पुरुषांसाठी तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढ्या जागेत चौदा गडी खेळतात. साधन म्हणावे असे काहीच लागत नाही. रायगड जिल्ह्यात या खेळाची परंपरा जुनी आणि जिवंत आहे. गावोगावचे संघ ग्रामदैवताच्या नावाने मैदानात उतरतात आणि रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामने रंगतात. दरडोई खर्च आणि दरडोई जागा या दोन्ही कसोट्यांवर इतका काटकसरी खेळ विरळाच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने त्याला दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे चांगलेच झाले. परंतु पाहणारे वाढले म्हणजे खेळणारे वाढले, असे नव्हे. शिवाय गावच्या संघात सात जण उतरतात आणि शेकडो लोक कडेला बसतात. तिशी ओलांडलेला मनुष्य बहुधा कायमचा कडेलाच बसतो.

आणि स्त्री तर कडेलाही नसते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या कालवापर पाहणीत असे आढळले की, घरातील बिनमोबदल्याच्या कामांत सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. दररोजच्या या तीन तासांहून अधिक अंतरातच स्त्रियांच्या क्रीडासहभागाचे उत्तर दडलेले आहे. संध्याकाळी पाच वाजता मोकळे असलेले मैदान त्या वेळी मोकळ्या नसलेल्या स्त्रीच्या काय कामाचे? त्यातून ती मोकळी झालीच, तर ‘एवढी मोठी बाई धावते काय’ हा प्रश्न दारात उभा असतो. शाळेत लंगडी आणि खो-खो गाजवणारी मुलगी लग्नानंतर पुन्हा कधी धावत नाही, ही गोष्ट इतकी सर्वमान्य झाली आहे की, तिचे कोणाला नवलही वाटत नाही.

उरला शिकवणारा माणूस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. तथापि त्याच कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असेल तरच. कोकणातील अनेक लहान गावांच्या शाळांना हा आकडा गाठणे शक्य नाही. म्हणजे पट कमी म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून मैदान असूनही खेळ नाही, असे हे चक्र आहे.

पोहण्याच्या बाबतीत या उणिवेची किंमत जिवाने मोजावी लागते. काशीदच्या दक्षिणेस असलेल्या मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. इशाऱ्याच्या पाट्या, जीवरक्षक आणि स्थानिकांच्या सूचना यांचे महत्त्व मोठे आहे आणि खवळलेल्या समुद्रापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. तरीही ज्या राज्याला एवढा मोठा समुद्रकिनारा लाभला, त्या राज्यातील मुले पाण्याची ओळख न होताच पदवीपर्यंत पोहोचतात, ही वस्तुस्थिती सुखावह नाही. पाणी ओळखणे यात पाण्याला केव्हा भ्यावे हे कळणेही आले.

राज्यघटनेतील तरतुदीही या संदर्भात बोलक्या आहेत. क्रीडा हा विषय राज्यसूचीत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जे २९ विषय नोंदवले, त्यांत खेळाचा वा मैदानाचा उल्लेख नाही. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी दिलेल्या १८ विषयांत मात्र उद्याने आणि क्रीडांगणे आहेत. जणू खेळ ही शहरी गरज आहे आणि खेड्याला ती नाही! राज्याला आपल्या कायद्याने ही उणीव भरून काढता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पहिली, राज्याने दर दोन वर्षांनी किती स्त्री-पुरुष, कोणत्या वयाचे, आठवड्यातून किती वेळ खेळतात याची पाहणी करावी आणि क्रीडाखात्याचे यश त्या आकड्याने मोजावे. दुसरी, चार-पाच लहान शाळा मिळून एक क्रीडाशिक्षक नेमावा आणि किनारपट्टीच्या तालुक्यांत त्याच्याकडे पोहणे शिकवण्याचेही काम द्यावे. तिसरी, पर्यटनापासून मिळणाऱ्या ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा एक ठरावीक भाग गावाच्या खेळासाठी राखावा. पाहुण्यांच्या करमणुकीतून गावाची करमणूक साधावी, यात अन्याय काही नाही. चौथी, मैदानावर स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीचा वेळ ठेवावा. आणि ही वेळ त्यांना खरोखर मिळावी, म्हणून घरातील कामाचा वाटा पुरुषांनी उचलावा. या शेवटच्या सुधारणेला शासनाचा एक रुपयाही लागत नाही. कदाचित म्हणूनच ती सर्वांत अवघड आहे.

सोमवारी काशीदचा किनारा रिकामा होतो. पाहुणे परत जातात, गाड्यांची रांग ओसरते, ओहोटीची वाळू पुन्हा घट्ट बसते. त्या संध्याकाळी गावातली किती माणसे आणि किती बायका त्या वाळूवर खेळावयास उतरतात, यावरून या देशाचे क्रीडाधोरण यशस्वी झाले की नाही, हे ठरवावे.